मुलांवर सोपवलेली शाळा

तेत्सुको कुरोयानागी यांचं ‘तोत्तोचान’ ज्यांनी वाचलं आहे, त्यांना त्यातलं काय लक्षात राहिलं असं विचारलं, तर बहुतेक जण आगगाडीचे डबे सांगतात. जुने, रुळांवरून उतरवलेले डबे आणि त्यांत भरणारे वर्ग. चित्र इतकं लोभस आहे की आपल्याकडच्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर डब्यांच्या खिडक्या रंगवल्या गेल्या. मुलं त्या भिंतींजवळ रमतात, याचा मला आनंदच आहे. पण पुस्तक दुसऱ्यांदा, सावकाश वाचलं की डबे मागे पडतात आणि दुसरीच एक गोष्ट वर येते. तोमोए या शाळेत मुलांना जिथे जिथे मोकळीक दिलेली दिसते, तिथे तिथे तिच्या पाठोपाठ एखादं कामही त्यांच्या हाती दिलेलं असतं. ‘मुलांना मोकळं सोडणारी शाळा’ असं तिचं वर्णन सर्रास केलं जातं, आणि ते अपुरं आहे. इथे मुलांवर शाळा सोपवलेली आहे.

आधी थोडी हकिगत. सोसाकु कोबायाशी यांनी 1937 मध्ये टोकियोच्या जियुगाओका भागात तोमोए गाकुएन सुरू केलं. मुलं होती जेमतेम पन्नास. पहिलीतच एका शाळेतून काढून टाकलेली एक मुलगी तिथे दाखल झाली. तीच पुढे जपानची लाडकी अभिनेत्री आणि दूरचित्रवाणीवरची सूत्रधार झाली, आणि तिने आपल्या शाळेवर लिहिलेलं पुस्तक 1981 मध्ये आलं. मराठीत ते चेतना सरदेशमुख गोसावी यांनी आणलं आणि नॅशनल बुक ट्रस्टने प्रकाशित केलं. चिहिरो इवासाकी यांची पाण्यात विरघळल्यासारखी जलरंगातली मुलं पुस्तकाशी इतकी एकजीव झाली आहेत की ती या मजकुरासाठीच काढली असावीत असं वाटतं. प्रत्यक्षात ही चित्रकर्ती पुस्तक येण्याच्या सात वर्षं आधीच वारली होती.

आता पाकिटाचा प्रसंग पाहा. तोत्तोचानचं, म्हणजे याच मुलीचं, आवडतं पाकीट संडासाच्या भोकातून खाली टाकीत पडतं. ती रडत नाही, कोणाला बोलावत नाही. शाळेच्या शिपायाकडचा लांब दांड्याचा डोव घेते, टाकीचं झाकण शोधून काढते आणि मैला उपसायला लागते. बाजूला ढीग वाढत जातो. मुख्याध्यापक कोबायाशी तिथून जाताना विचारतात, काय चाललंय? ती उपसणं न थांबवता सांगते, पाकीट पडलंय. बरं, म्हणून ते हात मागे बांधून निघून जातात. बऱ्याच वेळाने परत येतात, सापडलं का विचारतात, आणि झाल्यावर सगळं परत आत टाकशील ना, एवढंच म्हणून पुन्हा निघून जातात.

या प्रसंगात लेखिकेची सगळी कला आहे. ढीग किती झाला, वास कसा होता, मुलीला घाम कसा आला, हे ती सांगते. मुख्याध्यापकांच्या मनात काय आलं, ते मात्र सांगत नाही. ते थांबत नाहीत, मदतही करत नाहीत, आणि पुस्तक त्यांच्या पाठोपाठ जात नाही. ते मुलीजवळ डोव धरून उभं राहतं. आणि मग येतो तो तपशील, ज्यासाठी मी हे प्रकरण पुन्हापुन्हा काढतो. पाकीट सापडत नाहीच. मुलगी सगळा ढीग परत टाकीत लोटते. पण पाणी तर जमिनीत मुरून गेलेलं. ते कसं परत करायचं? ती विचार करते आणि ओली झालेली मातीही थोडी उकरून आत टाकते. ‘सगळं परत’ हा शब्द तिने असा पाळला. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी बघत नव्हतं. सहा-सात वर्षांच्या मुलीच्या डोक्यात न्यायाची एवढी बारीक कल्पना तयार झाली, ती तिला कोणी मध्येच अडवलं नाही म्हणून. मोठ्यांपैकी कोणी ‘अगं घाण!’ म्हणून ओरडलं असतं, तर पाकीट गेलं असतंच आणि मातीपर्यंत पोचणारा तो विचारही गेला असता.

लेखिका स्वतःची गोष्ट ‘मी’ म्हणून सांगत नाही, ‘तोत्तोचान’ म्हणून सांगते, ही निवड फार मोलाची आहे. ‘मी’ आला असता तर आठवणींत रमलेली एक प्रौढ बाई पानोपानी भेटली असती. इथे डोळे मुलीच्या उंचीवर राहतात. तिला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला कळतं. जे कळत नाही ते मोठेपणी उमगलं, असं क्वचित एखाद्या वाक्यात सांगून लेखिका पुन्हा खाली बसते. प्रकरणंही दोन-चार पानांची. शिक्षणावरचा एकही सिद्धांत प्रसंगाच्या आधी येत नाही.

डब्याच्या सुट्टीचंच पाहा. पालकांना निरोप असा, की डब्यात थोडं समुद्रातलं आणि थोडं डोंगरावरचं असावं. समतोल आहार हा शब्द काढायचा नाही. सभागृहात सगळी शाळा एकत्र जेवायला बसते. मुख्याध्यापक डबे बघत फिरतात. त्यांची बायको दोन पातेली घेऊन मागोमाग असते, एकात समुद्रातलं, एकात डोंगरावरचं. ज्याच्या डब्यात जे नाही ते तिथल्या तिथे वाढलं जातं. मुलांना हा खेळ वाटतो. आपल्या डब्यातला गुलाबी पदार्थ समुद्रातला की डोंगरावरचा, यावर वाद रंगतात, आणि अन्न येतं कुठून हे त्या वादातून शिकून होतं. त्याच वेळी, कोणाच्या घरून काय आलं नाही हे कोणाच्याही मनाला लागत नाही. पातेलं सगळ्यांसाठीच फिरतं. गरिबाघरच्या मुलाची लाज राखायची ही रीत इतकी हळुवार आहे की पहिल्या वाचनात ती नजरेतून निसटते.

जेवण चालू असताना रोज एका मुलाने मधोमध उभं राहून काहीतरी बोलायचं. एकदा एक मुलगा म्हणतो, मला काही सांगायचंच नाही. मुख्याध्यापक त्याला सोडत नाहीत आणि दामटतही नाहीत. आज सकाळी उठल्यावर पहिलं काय केलंस, असं विचारतात. मुलगा डोकं खाजवत ‘मग… अं…’ म्हणतो, तर ते त्यालाच धरून, बघ, सुरुवात झाली की, म्हणतात. मग उठलो, मग आईने दात घास म्हटलं, मग घासले, अशी अडखळत ती गोष्ट शाळेच्या फाटकापर्यंत येऊन पोचते आणि सगळी मुलं टाळ्या वाजवतात. सर्वांत जोरात टाळ्या मुख्याध्यापकांच्या. मजकूर म्हणून त्या भाषणात काही नाही. पण एका न बोलणाऱ्या मुलाकडे सबंध शाळा कान देऊन बसली, हे त्या मुलाच्या जन्माला पुरेल.

हे वाचताना आपला परिपाठ आठवल्यावाचून राहत नाही. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा. रांगा सरळ, आवाज खणखणीत. सुविचार फळ्यावरचा, बोधकथा पुस्तकातली, आणि बोलणारी मुलं बहुधा तीच, धीट चार-पाच. सगळी शाळा रोज एकत्र येते अशी ही एवढीच वेळ आणि तिच्यात मुलाचं स्वतःचं वाक्य एकही नसतं. याची मला मनापासून खंत वाटते. परिपाठात ‘आज सकाळी मी’ एवढ्या एका विषयाला जागा केली, तर पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही.

वर्गातल्या कामाबद्दल लेखिका थोडक्यात सांगते, मीही थोडक्यात सांगतो. दिवसभराच्या सगळ्या विषयांचे प्रश्न शिक्षिका सकाळीच फळ्यावर लिहून देते, आणि ज्याला जे आवडतं त्याने त्यापासून सुरू करायचं. एक निबंध लिहितो आहे, शेजारी दुसऱ्याचा स्पिरिटचा दिवा जळतो आहे. शिक्षिकेला हळूहळू कळतं की कोणाचा कल कुठे आहे. सकाळी काम उरकलं तर दुपारी सगळे देवळाकडे फिरायला जातात आणि वाटेत मोहरीच्या जातीच्या पिवळ्या फुलांतले पुंकेसर-स्त्रीकेसर बघतात. मुलांना वाटतं, आपण नुसते फिरलो.

क्रीडादिनाचं प्रकरण मात्र सावकाश वाचण्याचं आहे. ताकाहाशी नावाचा एक मुलगा शाळेत आहे. त्याचे हातपाय आखूड आहेत आणि त्याची उंची वाढायची थांबली आहे. त्या दिवशी तोमोएतल्या शर्यती एकातून एक अजब असतात. कापडी माशाच्या पोटातून सरपटत जायचं. सभागृहाच्या पायऱ्या चढून उतरायच्या, तेही एकही पायरी न गाळता. पायऱ्या बुटक्या, त्यामुळे लांब पायांची मुलं अडखळतात आणि ताकाहाशी पाण्यासारखा वाहत जातो. एकेक करून सगळ्या शर्यती तो जिंकतो. जिंकू दिलं, असं कुठेच होत नाही. बाकीची मुलं जीव तोडून धावतात आणि खरोखरच हरतात. शर्यतींची आखणी करणाऱ्याने आधी ताकाहाशीचं शरीर नीट पाहिलं होतं. लेखिका हे लगेच सांगत नाही. आधी आपल्याला मुलांबरोबर धापा टाकायला लावते, नवल करायला लावते, आणि मग मुख्याध्यापकांचा हेतू हलकेच दाखवते. त्या क्षणी ताकाहाशीबद्दल कणव वाटत नाही, त्याच्याबरोबर जिंकल्यासारखं वाटतं.

बक्षिसं काय, तर पहिल्याला भलामोठा मुळा, दुसऱ्याला कंद, तिसऱ्याला पालकाची जुडी. रस्त्यातून भाजी मिरवत जायची मुलांना लाज वाटते. मुख्याध्यापक म्हणतात, आज रात्री आईला हे शिजवायला सांगा. घरच्यांच्या जेवणात तुमच्या कष्टाचा घास पडेल. चषक असता तर कपाटात गेला असता. मुळा ताटात गेला आणि शाळा घरच्यांच्या पंगतीला येऊन बसली.

आणखी दोन प्रसंग, नुसते नोंदवतो. जवळच्या शेतावर राबणाऱ्या शेतकऱ्याला मुख्याध्यापक मुलांपुढे उभं करतात, हे तुमचे शेतीचे गुरुजी म्हणून. आणि मुलं त्यांच्या हाताखाली तण काढतात, सरी ओढतात, बी पेरतात. संगीताच्या तासाला मुलं पालथी पडून सभागृहाच्या जमिनीवर खडूने ताल लिहितात, हवे तेवढे मोठे, आणि तास संपल्यावर तीच मुलं फडकी घेऊन जमीन पुसतात. खडू पुसायला किती कष्ट पडतात हे अंगाला कळलेली ही मुलं भिंतीवर कधी रेघ ओढत नाहीत.

माझ्या मते पुस्तकातलं सर्वांत थोर प्रकरण शेपटाचं आहे, आणि त्याच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. शिक्षिका वर्गात माणसाच्या माकडहाडाबद्दल सांगत असते आणि सहज, हसत ताकाहाशीला विचारते, तुला अजून शेपूट आहे का? तो उभा राहून गंभीरपणे नाही म्हणतो. वर्ग पुढे सरकतो. शाळा सुटल्यावर तोत्तोचानला स्वयंपाकघरातून मुख्याध्यापकांचा चढलेला आवाज ऐकू येतो. ज्या मुलाने आपण इतरांपेक्षा वेगळे आहोत हे विसरावं म्हणून शाळा एवढी धडपडते, त्यालाच हा प्रश्न कसा विचारला, असं ते विचारत असतात. शिक्षिका रडत चूक कबूल करते. संपूर्ण पुस्तकात शांत असणारा माणूस इथे संतापतो, आणि तोही मुलावर नाही. शिवाय ही कानउघाडणी शिक्षकांच्या खोलीत, इतरांच्या देखत होत नाही. स्वयंपाकघरात, एकांतात होते. ज्या माणसाने ताकाहाशीचा मान जपला, तो संतापातही शिक्षिकेचा मान जपतो. दाराबाहेरच्या मुलीला त्याचा अर्थ लागत नाही. पण हा माणूस आपला आहे एवढं तिला कळतं.

पुस्तकाच्या मर्यादाही आहेत. सगळं प्रेमाच्या नजरेने पाहिलेलं आहे. इतर शिक्षक पुसट आहेत. मुलं लिहा-वाचायला, हिशेब करायला कशी शिकली, जी मागे पडली त्यांचं काय झालं, हे फारसं कळत नाही. शाळा खासगी, लहान, शहरी. लेखिकेचे वडील नामवंत व्हायोलिनवादक. एकाच खोलीत दोन इयत्ता सांभाळणाऱ्या आपल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेने हे अंतर दाखवलं तर ते मान्यच केलं पाहिजे. पण आगगाडीचे डबे आणि शाळेचा पोहण्याचा तलाव वगळून यादी केली तर काय उरतं? न अडवणं, ऐकणं, मुलाला काम देणं, त्याच्या शरीराकडे नीट बघून खेळ ठरवणं. यातलं काहीही पैशावर अडत नाही. अडतं ते मोठ्यांच्या सवयीवर.

1945 च्या बॉम्बहल्ल्यात तोमोए जळून गेलं. कोबायाशींनी पुढे बालवाडी चालवली, पण तोमोएसारखी प्राथमिक शाळा त्यांच्या हातून पुन्हा उभी राहिली नाही. 1963 मध्ये ते गेले. त्यांना जाहिरात आवडत नसे, शाळेचे फोटोही ते काढू देत नसत. ती शाळा आज आपल्याला माहीत आहे ती एका विद्यार्थिनीने लिहिलं म्हणून.

शिक्षकमित्रांना माझी एक विनंती आहे. ‘तोत्तोचान’ आपण मुलांना वाचून दाखवता, ते दाखवतच राहा. पण केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेत शेपटाचं प्रकरण एकमेकांसाठी मोठ्याने वाचा. दहा मिनिटंही लागत नाहीत. आणि वाचून झाल्यावर आपापल्या वर्गातल्या ताकाहाशीबद्दल बोला.