समन्साचे बळ आणि हजेरीपटाचा अभाव

औद्योगिक कलहाच्या चौकशीत समन्स काढणे सोपे असते; त्याचे पालन करवून घेणे हाच खरा प्रश्न होय. अमेरिकेत १९३५ च्या वॅग्नर कायद्याने राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळास समन्स काढण्याचा अधिकार दिला, परंतु अवज्ञेबद्दल शासन करण्याचा दिला नाही. त्यासाठी मंडळास जिल्हा न्यायालयाकडे जावे लागते, आणि त्या न्यायालयाचा हुकूम मोडल्यावरच अवमान घडतो. भारतात १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाने निराळी वाट धरली. साक्षीदार हजर करविणे, त्यास शपथेवर तपासणे व कागदपत्रे सादर करविणे, यांपुरते दिवाणी न्यायालयाचे अधिकार कलम ११ अन्वये न्यायाधिकरणालाच मिळाले. समेट अधिकाऱ्यास मात्र माणूस हजर करविण्याचा अधिकार १९८२ च्या दुरुस्तीनेच लाभला.

भारतीय योजना अधिक सुटसुटीत आहे, यात संशय नाही. तथापि तिचे खरे बळ वॉरंटात अगर दंडात नसून प्रतिकूल अनुमानात आहे. बारा महिन्यांत २४० दिवस काम केल्याचे शाबीत करण्याचा भार प्रथमतः कामगारावर असतो. पण हजेरीपट मालकाच्या कपाटात असतो. गुजरातेतील फिशरीज टर्मिनल विभागाच्या खटल्यात रोजंदारीवरील पहारेकऱ्याचे १९८५ ते १९९१ चे संपूर्ण हजेरीपट कामगार न्यायालयाने आज्ञा करूनही सादर झाले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली त्याचा परिणाम मालकाच्याच पदरी घातला. दडविलेला कागद अशा रीतीने दडविणाऱ्याविरुद्ध बोलतो.

परंतु जेथे कागद लिहिलाच जात नाही तेथे काय? मालवणच्या किनाऱ्यावर हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. रापणीत जाळे ओढणाऱ्यांना मासळीचे वाटे मिळतात. तेथे मालक कोण व नोकर कोण हेच आधी ठरवावे लागते. यांत्रिक नौकेवरील खलाशाचा हिशेब पुष्कळदा उचल आणि तोंडी बोली यांवर चालतो. अशा ठिकाणी ‘हजेरीपट नाही’ हे उत्तर समन्साची अवज्ञा ठरत नाही. जो मालक नोंद ठेवून ती लपवितो तो अडचणीत येतो; जो मुळात ठेवीतच नाही तो सुटू पाहतो. कायद्याने बेफिकिरीस दिलेले हे बक्षीसच म्हणावे लागेल.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० अंमलात आली. तिच्याबरोबरच आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक केले. कामगाराच्या हाती स्वतःचा कागद येणे ही मोलाची गोष्ट आहे. मात्र सामान्यतः दहा किंवा अधिक कामगारांची आस्थापनाच त्या संहितेच्या कक्षेत येते. लहान नौकेवरील खलाशी बहुधा बाहेरच राहतो.

म्हणून समन्साच्या अंमलबजावणीचा विचार न्यायालयाच्या दाराशी सुरू करणे अपुरे आहे. तो नोंद ठेवण्याच्या कर्तव्यापासून सुरू झाला पाहिजे, आणि ते कर्तव्य टाळणाऱ्यासही नोंद दडविणाऱ्याचाच न्याय लागू झाला पाहिजे. एरवी समन्स बजावले जाईल, मालक वेळेवर हजरही होईल. आणि खलाशाचे २४० दिवस मात्र अशाबीतच राहतील.