घरातले मांजर आणि घराचा हिशोब : दोन जपानी कादंबऱ्यांचे वाचन

१. विषयप्रवेश

मांजर मध्यवर्ती असलेल्या जपानी कादंबऱ्या सध्या इंग्रजी अनुवादांतून भारतातही मोठ्या प्रमाणावर वाचल्या जातात. मुखपृष्ठावर मांजर असते आणि 'मनाला ऊब देणारे पुस्तक' अशी जाहिरात असते. या पाठात आपण ज्या दोन कादंबऱ्या पाहणार आहोत, त्याही दुकानात त्याच कप्प्यात ठेवलेल्या सापडतात. पहिली नात्सुमे सोसेकी यांची 'वागाहाय् वा नेको दे आरु' (१९०५-०६). दुसरी ताकाशी हिराइदे यांची 'नेको नो क्याकु' (२००१). इंग्रजीत त्यांची नावे अनुक्रमे 'आय अ‍ॅम अ कॅट' आणि 'द गेस्ट कॅट' अशी आहेत.

या दोन्ही पुस्तकांना ऊब देणारी म्हणणे हे चुकीचे वाचन आहे, असे या पाठात मांडायचे आहे. दोन्हींमध्ये मांजर हे घर तपासण्याचे साधन आहे. हे घर कोणाच्या पैशावर चालते, त्यात कोणाला नाव मिळते, कोणाला फक्त आसरा मिळतो, आणि एखाद्यावर माया करण्याचा हक्क कोणाला असतो, हे प्रश्न मांजरामुळे विचारता येतात. एका कादंबरीचे घर १९०५ च्या सुमाराचे आहे, दुसरीचे १९८० च्या दशकाच्या अखेरचे. दोन्ही घरे टोकियोतली आणि दोन्ही भाड्याची.

२. सोसेकींचे शिक्षकाचे घर

सोसेकी (१८६७-१९१६) हे इंग्रजीचे प्राध्यापक. जपानच्या शिक्षण खात्याने त्यांना १९०० मध्ये लंडनला पाठवले. १९०३ मध्ये ते परतले आणि टोकियोत शिकवू लागले. या कादंबरीचे पहिले प्रकरण जानेवारी १९०५ मध्ये 'होतोतोगिसु' या मासिकात स्वतंत्र लेखन म्हणून छापले गेले. वाचकांना ते आवडले, म्हणून पुढची प्रकरणे आली आणि ऑगस्ट १९०६ पर्यंत एकूण अकरा प्रकरणे झाली. ही निर्मितीची हकीकत लक्षात ठेवावी, कारण कादंबरीचा सैलपणा तिच्यातूनच आला आहे. आधी आराखडा आणि मग बांधकाम, असे येथे झालेले नाही.

निवेदक एक बेवारस बोका आहे. मोलकरीण त्याला पुन्हा पुन्हा बाहेर फेकते, तो पुन्हा पुन्हा आत येतो, आणि शेवटी घरमालक 'राहू दे' म्हणतो. त्याला आसरा मिळतो, पण नाव कोणी ठेवत नाही. हा घरमालक म्हणजे कुशामी, इंग्रजीचा शिक्षक. कुशामी या शब्दाचा अर्थ शिंक असा होतो. तो पुस्तक उघडून बसतो आणि त्यावरच झोपतो. त्याचे पोट बिघडलेले असते. हायकू, जलरंग, व्हायोलिन असे नाना छंद तो करतो आणि एकही धड जमत नाही. घरखर्च भागत नसताना तो जॅम फार खातो, अशी बायकोची तक्रार असते. चोर येतो तेव्हा मौल्यवान समजून उशाशी ठेवलेली सुरणासारख्या रानकंदांची पेटीच घेऊन जातो. शिक्षकाच्या घरात चोरण्याजोगे किती असणार, हे वाचकाला एका प्रसंगातच कळते.

या घराच्या समोर दुसरे घर आहे, श्रीमंत व्यावसायिक कानेदा याचे. कानेदाला आपली मुलगी कानगेत्सु या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला द्यायची आहे, मात्र अट अशी की त्याने आधी डॉक्टरेट मिळवावी. त्याची चौकशी करायला कानेदाची बायको कुशामीकडे येते. तिच्या श्रीमंतीचा कुशामीवर काहीच परिणाम होत नाही. तिला तो अपमान वाटतो, आणि तेथून कानेदा शेजारपाजाऱ्यांना हाताशी धरून या शिक्षकाचा छळ सुरू करतो. मांजर दोन्ही घरांत फिरते. त्याला दारावर कोणी अडवत नाही, म्हणूनच विद्येच्या घरातला आळस आणि पैशाच्या घरातला कट ही दोन्ही त्याला दिसतात.

आता शेवट पाहा. कानगेत्सु डॉक्टरेटचा नाद सोडतो आणि गावाकडे लग्न करून मोकळा होतो. कानेदाच्या मुलीशी लग्न ठरते ते तातारा सान्पेइ या नोकरी-व्यवसायात रमलेल्या माणसाचे. तो आनंदाप्रीत्यर्थ बिअरच्या बाटल्या घेऊन कुशामीकडे येतो. पाहुणे गेल्यावर उरलेली बिअर मांजर चाखते, झिंगते, पाण्याच्या रांजणात पडते आणि बुद्धाचे नाव घेत बुडते. हा शेवट अनेकांना अचानक आणि ओढूनताणून आणलेला वाटतो. पण ती बिअर कोठून आली हे पाहिले, की त्याची संगती लागते. पैशाच्या घराने जिंकल्याची ती बिअर आहे. दोन्ही घरांकडे तटस्थपणे पाहणारा एकमेव साक्षीदार विजयाच्या उष्ट्या पेल्याने मरतो. विनोदी कादंबरीचा इतका कडू शेवट सहज दिसत नाही, कारण तोही विनोदाच्या स्वरातच सांगितला आहे.

३. 'आम्ही'चा प्रश्न

शीर्षकातील 'वागाहाय्' हे जपानीतील प्रथमपुरुषी सर्वनाम आहे, पण साधे नाही. पदाधिकारी, वक्ते, स्वतःला मोठे समजणारे लोक स्वतःबद्दल बोलताना वापरत तसे ते भारदस्त आहे. नाव नसलेले उपाशी मांजर स्वतःला असे म्हणवते, यातच पहिला विनोद आहे. इंग्रजीत सर्वनाम एकच असल्याने तो शीर्षकापाशीच हरवतो.

मराठीत तो हरवायचे कारण नाही. आपल्याकडे राजाचे 'आम्ही' आहे, अग्रलेखाचे 'आम्ही' आहे. 'आम्ही मांजर आहोत' असे म्हटले की मूळ शीर्षकातला फुगा बराचसा तसाच राहतो. यात आणखी एक सोय आहे. मराठीत 'मी गेलो', 'मी गेले' असे म्हणताक्षणी बोलणाऱ्याचे लिंग उघड होते. जपानी क्रियापदात ते होत नाही. 'आम्ही गेलो' यातही होत नाही. शिवाय 'मांजर' हा शब्द नपुंसकलिंगी, 'बोका' पुल्लिंगी. भारदस्त 'आम्ही' आणि नपुंसकलिंगी 'मांजर' एकत्र आले की हसू आपोआप येते. अनुवाद म्हणजे शब्दाला शब्द नव्हे, असे आपण वर्गात नेहमी म्हणतो. त्याचे हे नेमके उदाहरण आहे.

४. विज्ञानाची थट्टा

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी या कादंबरीतील शास्त्रीय भाग वगळू नयेत. कानगेत्सु हे पात्र सोसेकींचे विद्यार्थी आणि पुढे नामवंत भौतिकशास्त्रज्ञ झालेले तोराहिको तेरादा यांच्यावरून बेतले आहे, असे मानले जाते. कानगेत्सु फाशीच्या यांत्रिकीवर व्याख्यानाची तालीम करतो. त्यामागे सॅम्युअल हॉटन या आयरिश शास्त्रज्ञाचा १८६६ सालचा खरा लेख आहे. प्रबंधासाठी तो काचेचा अचूक गोल घडवायला बसतो. एक बाजू घासली की दुसरी उंच वाटते, ती घासली की पहिली. सफरचंदाएवढा गोळा घासता घासता लहान होत जातो. कारखान्यात मोजमापाची मर्यादा आधी ठरवून मगच यंत्र सुरू करतात. मर्यादा न ठरवता परिपूर्णतेच्या मागे लागले, तर वस्तूच संपते. तेच तत्त्व सोसेकी येथे हसत हसत दाखवतात.

शेजारच्या शाळेतील मुलांचे चेंडू कुशामीच्या अंगणात येऊन पडतात, तेव्हा मांजर न्यूटनच्या गतिनियमांचा दाखला देते. उंदीर पकडण्याच्या तयारीत ते स्वतःची तुलना रशिया-जपान युद्धातील अ‍ॅडमिरल तोगोशी करते. युद्ध १९०४-०५ मध्ये झाले, म्हणजे वाचकांच्या डोक्यात ते ताजे होते. विजयाच्या उन्मादात असलेल्या देशात सेनापतीच्या जागी उंदरामागे धावणारे मांजर बसवणे ही साधी थट्टा नव्हे.

५. कादंबरीच्या मर्यादा

सोसेकींचे मोठेपण मान्य करूनही दोन दोष नोंदवायला हवेत. पहिला निवेदनाचा. मांजर जे पाहू-ऐकू शकते तेवढेच त्याने सांगायचे, हा सुरुवातीचा करार पुढे मोडतो. माणसाच्या मनातले विचारही सांगायची गरज पडते, तेव्हा माणसाच्या पोटाला अंग घासून निर्माण होणाऱ्या विजेतून आपल्याला मन वाचता येते, अशी सबब मांजर देते. विनोद म्हणून ती खपते, रचना म्हणून ती पळवाट आहे. दुसरा दोष स्त्रियांविषयीचा. कुशामीच्या बायकोचे टक्कल आणि कानेदाच्या बायकोचे नाक यांवर पानेच्या पाने विनोद आहेत. पुरुषांचे दोष स्वभावाचे दाखवले आहेत, स्त्रियांचे शरीराचे. वास्तविक हे घर चालते ते बायकोमुळे. जॅमचा हिशोब तीच ठेवते. मांजराला सगळे दिसते, पण हे मात्र नीट दिसत नाही.

६. हिराइदे यांचे भाड्याचे घर

ताकाशी हिराइदे (जन्म १९५०) हे मुळात कवी. त्यांच्या छोट्या कादंबरीत पस्तिशीच्या आसपासचे एक जोडपे टोकियोतील जुन्या वाड्याच्या आवारातील छोट्या घरात भाड्याने राहते. मुले नकोत आणि पाळीव प्राणी नकोत, अशी भाड्याची अट आहे. शेजारच्या घरातील लहान मुलाने पाळलेली चिबी नावाची मांजरी त्यांच्याकडे येऊ लागते. चिबी म्हणजे चिमुकली. ती आवाज करत नाही, कोणाला उचलू देत नाही. जोडपे तिच्यासाठी खिडकी किंचित उघडी ठेवते, तिला बसायला खोके देते. ती पाहुणी आहे, त्यांची नाही.

सुरुवातीलाच लेखक स्वयंपाकघरातील धुरकट काचेची खिडकी दाखवतो. लाकडी कुंपणाला एक भोक आहे. त्यातून येणाऱ्या उजेडामुळे गल्लीतून जाणाऱ्या माणसांची प्रतिमा काचेवर उलटी उमटते. शाळेत आपण सूचिछिद्र कॅमेरा करतो, तेच तत्त्व. पुढची सारी कादंबरी या खिडकीत आहे. घरातून जग दिसते, पण उलटे आणि थोडा वेळच.

काळ सम्राट हिरोहितो यांच्या अखेरच्या दिवसांचा आहे. जानेवारी १९८९ मध्ये सम्राटांचे निधन झाले आणि शोवा युग संपले. टोकियोत तेव्हा जमिनीच्या किमती गगनाला भिडल्या होत्या. वाड्याचे वृद्ध मालक थकतात, घर सोडण्याची वेळ येते, आणि जोडप्याला नवी जागा शोधावी लागते. दरम्यान चिबी मरते. तिचे दफन शेजारच्या अंगणात होते. ज्यांच्याकडे ती रोज येत होती, त्यांना तिच्या मातीपाशी जायलाही परवानगी मागावी लागते.

कादंबरीचा गाभा येथे आहे. जे कागदोपत्री आपले नाही, त्याच्यासाठी रडण्याचा हक्क आपल्याला आहे का? घर भाड्याचे, बाग मालकाची, मांजरी शेजाऱ्यांची. जोडप्याच्या वाट्याला फक्त रोजची सवय आली आणि समाजात सवयीला मालकीचे मोल नाही. मराठीत आपण 'आपले' आणि 'परके' असे दोनच खण करतो. चिबी तिसऱ्या खणातली आहे, आणि त्या खणाला नाव नाही. शिक्षणासाठी गाव सोडून भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला ही अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

या पुस्तकाचीही एक मर्यादा आहे. निवेदक अधूनमधून मॅकियाव्हेलीच्या दैवकल्पनेसारख्या विचारांकडे वळतो. साध्या प्रसंगांनी जे आधीच सांगितले आहे, त्यावर हे ओझे ठेवायची गरज नव्हती. आणि येथेही मांजरीला सर्वांत जवळून ओळखते ती बायको, सांगतो मात्र नवरा.

७. तुलना आणि निष्कर्ष

सोसेकींचे मांजर अखंड बोलते, त्याला घर आहे, नाव नाही. हिराइदेंची मांजरी गप्प आहे, तिला नाव आहे, पण ज्या घराची ही कथा आहे ते तिचे नाही. एका घरात मांजर माणसांचा हिशोब मांडते. दुसऱ्यात मांजरीमुळे माणसांना स्वतःचा हिशोब मांडावा लागतो.

सोसेकींच्या घरातले खरे मांजरही निनावीच राहिले. ते सप्टेंबर १९०८ मध्ये मेले, तेव्हा सोसेकींनी मित्रांना त्याच्या मृत्यूची कळवणारी पत्रे पाठवली. पुस्तकात त्याला नाव न देणारा लेखक त्याच्या जाण्याची दखल माणसासारखी घेतो. ज्या भाड्याच्या घरात ही कादंबरी लिहिली गेली, ते आता इनुयामा येथील मेइजी-मुरा या खुल्या संग्रहालयात जपून ठेवले आहे. कादंबरीतल्या कानेदाच्या घराला असा मान मिळणे शक्य नव्हते. तेवढ्यापुरता तरी शिक्षकाच्या घराने आपला हिशोब वसूल केला आहे.

विचारासाठी प्रश्न

१. मांजराला नाव न देणे हा कुशामीच्या निष्काळजीपणाचा भाग आहे की लेखकाच्या योजनेचा? कारणे द्या.
२. 'वागाहाय्'साठी तुमच्या मातृभाषेत कोणता शब्द वापराल? त्याने काय मिळेल आणि काय सुटेल?
३. चिबीवर जोडप्याचा हक्क होता, असे तुम्हाला वाटते का? 'मालकी' आणि 'सहवास' या दोन शब्दांच्या आधारे उत्तर लिहा.
४. दोन्ही घरांतील स्त्रीने ही कथा सांगितली असती, तर कोणते प्रसंग वगळले गेले असते आणि कोणते नवे आले असते?