'लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स' या ग्रंथातील इंटरप्ट-विवेचन : स्पर्शपडद्याच्या संदर्भात एक चिकित्सा

जोनाथन कॉर्बेट, अलेस्सान्द्रो रुबिनी व ग्रेग क्रोह-हार्टमन यांच्या 'लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स' या ग्रंथाची तिसरी आवृत्ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. खुल्या परवान्यामुळे तो इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे. ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने ही मोठीच सोय होय. त्याच्या दहाव्या प्रकरणात हार्डवेअर इंटरप्टचे विवेचन येते. स्पर्शपडद्याचा दोष शोधू पाहणाऱ्यास हे प्रकरण कितपत उपयोगी पडते, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

इंटरप्टसाठी मराठीत 'व्यत्यय' हा शब्द योजला जातो. तो तितकासा समर्पक वाटत नाही. व्यत्यय नकोसा असतो. येथे मात्र उपकरण प्रोसेसरला हाक देत असते आणि ती हाक ऐकली जाणे हेच अभिप्रेत असते.

ग्रंथकारांनी उदाहरण निवडले आहे ते प्रिंटरच्या समांतर पोर्टचे. नवव्या व दहाव्या क्रमांकाच्या पिना तारेने जोडल्या की विद्यार्थ्याला स्वतःच इंटरप्ट निर्माण करता येतो. अध्यापनाच्या दृष्टीने ही युक्ती उत्तम आहे. परंतु त्यानंतरच्या काळात उपकरणे पालटली. आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०११ रोजी सादर झालेल्या पहिल्या 'आकाश' टॅब्लेटचा पडदा दाबावर चालणारा, म्हणजे रेझिस्टिव्ह होता; आयआयटी मुंबईकडे प्रकल्पाची जबाबदारी आल्यानंतर ११ नोव्हेंबर २०१२ रोजी सादर झालेल्या 'आकाश-२'चा पडदा कपॅसिटिव्ह होता. कपॅसिटिव्ह पडद्यामागे साधारणतः स्वतंत्र नियंत्रक चिप असते. बोट टेकताच ती इंटरप्टची तार खाली खेचते, आणि स्पर्शाची माहिती आय-टू-सी या संथ मार्गाने वाचून घ्यावी लागते. हे वाचन होईपर्यंत ड्रायव्हरला थांबावे लागते. इंटरप्ट हाताळणाऱ्या फलनाला तर थांबण्याची मुभा नसते. हा निर्बंध ग्रंथात स्पष्ट सांगितला आहे व काम वर्कक्यूकडे सोपवण्याचा मार्गही दाखवला आहे. मात्र, या अडचणीवरचा सुटसुटीत उपाय, म्हणजे थ्रेडेड इंटरप्ट, लिनक्समध्ये आला तो २००९ साली, २.६.३० या आवृत्तीत. ग्रंथात तो नसणे हा ग्रंथकारांचा दोष मानता येणार नाही.

खरी उणीव निराळी आहे. विवेचनाचा भर इंटरप्ट चालू कसा करावा यावर आहे. तो बिघडतो कसा, यावर नाही. एक नित्याचा प्रसंग घेऊ. ड्रायव्हरने 'फॉलिंग एज', म्हणजे तार खाली येण्याचा क्षण, ही खूण मानली आहे. उपकरण झोपेतून जागे होत असताना, इंटरप्ट सुरू होण्यापूर्वीच बोट टेकले. तार खाली आली, पण तो क्षण हुकला. माहिती वाचली न गेल्यामुळे चिप तार खालीच धरून ठेवते. पुन्हा खाली येण्याचा क्षण उगवतच नाही. पडदा मृतवत् होतो आणि 'पडदा गेला' असा निर्णय दिला जातो. वस्तुतः जागे होताना एकदा माहिती वाचून तार मोकळी केली, अथवा पातळीवर आधारित 'लेव्हल' इंटरप्ट 'वनशॉट' पद्धतीने वापरला, तर तोच पडदा चालू लागतो. लेव्हल स्वीकारून माहिती वाचलीच नाही, तर मात्र इंटरप्टचा पूर येतो. हाका येत राहिल्या पण कोणत्याच ड्रायव्हरने त्या आपल्या मानल्या नाहीत, आणि एक लाखापैकी ९९,९०० हून अधिक अशा निघाल्या, तर कर्नल 'नोबडी केअर्ड' असा संदेश नोंदवून ती वाट बंद करतो.

या निदानासाठी यंत्रसामग्री लागत नाही. 'प्रॉक' निर्देशिकेतील 'इंटरप्ट्स' या फाईलमध्ये प्रत्येक इंटरप्टची संख्या दिसते. ग्रंथात या फाईलचा परिचय आहे, पण तो ओळख करून देण्यापुरता. वैद्याने नाडी पाहावी तशी ती पाहावयास शिकवले पाहिजे होते. बोट टेकूनही आकडा हलत नसेल, तर तार, पुल-अप रोध वा एजची निवड संशयास्पद. आकडा वाढतो पण पडद्यावर काहीच घडत नाही, तर शोध आय-टू-सी वाचनाकडे वळवावा. बोट न लावताही आकडा वाढत असेल, तर प्रथम चार्जर काढून पाहावा. हलक्या प्रतीच्या चार्जरमुळे कपॅसिटिव्ह पडद्यावर खोटे स्पर्श उमटतात, आणि अर्थिंग धड नसलेल्या प्रयोगशाळांत ही शक्यता दुर्लक्षून चालत नाही.

तेरखेड्यासारख्या ठिकाणच्या महाविद्यालयात बंद पडलेला टॅब्लेट कपाटात जातो, तो बहुधा कायमचाच. त्या आधीची दहा मिनिटे कोणते आकडे पाहण्यात घालवावीत, हे सांगणारे पान या ग्रंथात असते, तर प्रात्यक्षिकाच्या तासाला समांतर पोर्टच्या तारेऐवजी कपाटातले तेच टॅब्लेट टेबलावर मांडता आले असते.