मोनाझाइटचे वयनकाशे : एक चिकित्सा

मोनाझाइटच्या कणात थोरियम व युरेनियम यांच्या क्षयातून शिसे साचत जाते. कण घडताना त्यात शिसे जवळजवळ नव्हते असे गृहीत धरून ही तीन मूलद्रव्ये इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबने मोजली, म्हणजे कणाचे वय काढता येते. १९९९ मध्ये विल्यम्स, जर्सिनोविक व टेरी यांनी ह्या पद्धतीस वयनकाशाची जोड दिली. एकाच कणाचा गाभा व कड निरनिराळ्या काळी घडल्याचे त्यामुळे प्रत्यक्ष दिसू लागले, हे तिचे निर्विवाद श्रेय होय. तथापि नकाशातील रंगभेद हा कालभेदच आहे, हे सिद्ध करावे लागते. गृहीत धरून चालत नाही.

पहिली अडचण पार्श्वभूमीची. शिशाच्या वर्णरेषेखालील अखंड क्ष-किरणांचा आलेख वक्र असतो. रेषेच्या दोन्ही बाजूंस मोजून मध्ये सरळ रेघ ओढली, की पार्श्वभूमी वाजवीपेक्षा अधिक ठरते, शिसे कमी भरते व वय घटते. शिवाय थोरियमच्या प्रमाणाबरोबर पार्श्वभूमीही बदलते; म्हणून सबंध कणातून एकच आकडा वजा करणे सदोष होय.

दुसरी अडचण वर्णरेषांच्या सरमिसळीची. यिट्रियमची एक क्षीण रेषा शिशाच्या एम-आल्फा रेषेवर येऊन पडते. यिट्रियमयुक्त कड त्यामुळे आहे त्याहून जुनी भासते, आणि वयनकाशा म्हणून जे छापले जाते तो काही अंशी यिट्रियमचाच नकाशा असतो.

ह्या चुकीचे मोल वयावर अवलंबून आहे. १० टक्के थोरियम असलेल्या, युरेनियमरहित कणात ५० कोटी वर्षांत दशलक्ष भागांत सुमारे २,२५० भाग शिसे साचते. १०० भागांची चूक तेथे सव्वादोन कोटी वर्षांची, म्हणजे साडेचार टक्क्यांची. पालघर जिल्ह्यातील कुंभवलीच्या परिसरातला दख्खनी काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांचा आहे. त्यात मोनाझाइट शोधण्यात अर्थ नाही. परंतु तितक्या वयाच्या मोनाझाइटात शिसे २९० भागांच्या आसपासच असते, आणि तीच चूक वयाचा एक तृतीयांश गिळते.

उपाय ज्ञात आहेत : पार्श्वभूमी अनेक ठिकाणी मोजून वक्र बसवणे, शिसेरहित यिट्रियम-प्रमाणकावरून सरमिसळीचा गुणांक काढणे, आणि ज्ञातवय कणावर निकाल पडताळणे. हा हिशेब ज्या नकाशासोबत नाही, त्यावरून पर्वतनिर्मितीचा काळ ठरवू नये.