सामंताची साक्ष आणि घरातलं गुपित

विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ मध्ये 'रंगायन'ने रंगभूमीवर आणलं. १९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी त्याचा चित्रपट केला. दोन्हीकडे लीला बेणारे सुलभा देशपांडेच. नाटकावर मराठीत भरपूर लिहिलं गेलं, चित्रपटावर त्या मानाने थोडंच, आणि तेही बहुतेक शहरातल्या प्रेक्षकाच्या नजरेतून. मांजरसुंब्यासारख्या, केजचा रस्ता जिथे सोलापूर हमरस्त्याला फुटतो अशा गावात बसून हा चित्रपट पाहिला की नजर बेणारेच्या आधी सामंतावर जाते. कारण तोच एक आपल्यातला.

मुंबईची हौशी मंडळी एका गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला येतात. अमेरिकेच्या अध्यक्षांवर, जॉन्सनवर, अण्वस्त्रांबद्दल खटला भरायचा असतो. मधल्या वेळात गंमत म्हणून दुसरा खटला सुरू होतो. आरोपी शिक्षिका बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. गंमत हळूहळू खरी होत जाते. ज्या प्राध्यापक दामल्यांमुळे तिला दिवस गेलेत, ते आलेलेच नाहीत.

सामंत हा गावातला साधा माणूस. साक्षीदार कमी पडतो म्हणून त्याला उभं करतात. बिचाऱ्याला काही ठाऊक नाही. हातातल्या एका स्वस्त कादंबरीतून उचलून तो दामल्यांच्या खोलीबाहेर ऐकलेलं संभाषण रचून सांगतो, आणि ते नेमकं खरं निघतं. शहरातल्या शहाण्यांना जे सिद्ध करता येत नव्हतं, ते गावातल्या भोळ्या माणसाच्या थापेने सिद्ध होतं. त्याचा हेतू वाईट नव्हता, हे खरं. पण हेतू वाईट नसलेल्या माणसांनीच बदनामी अर्ध्या गावात पोचवलेली आपण पाहिलेली आहे.

आपल्या वाचकाला हे कोर्ट अनोळखी वाटू नये. जमातीची बैठक, मोहल्ल्यातल्या चार मोठ्यांची पंचायत, कुणाच्या ओट्यावर चहा पीत सुरू झालेली चौकशी. बाई आत, दाराआड. तिच्या वतीने बोलणारा बाप नाहीतर भाऊ. आणि ज्याचं नाव निघायला हवं तो गैरहजर. फरक इतकाच, की तेंडुलकरांच्या कोर्टात बाई समोर बसवलेली आहे.

मला अधिक महत्त्वाचं वाटतं ते दुसरं गुपित. दामल्यांचं प्रकरण बाहेरचं, पण खटल्यात घरातलंही बाहेर येतं. बेणारे पंधरा वर्षांचीही नव्हती तेव्हा सख्ख्या मामाशी तिचे संबंध आले होते. तिने लग्नाचा हट्ट धरला, आईसकट सगळे विरोधात गेले, मामा पळाला आणि पोरीने जीव द्यायचा प्रयत्न केला. हे कोर्टात येतं कसं? कर्णिकला क्रिकेटच्या मैदानावर तिचा नात्यातला एक भाऊ भेटला होता, त्याने सांगितलं. म्हणजे घराची इज्जत म्हणून जे झाकलं, ते घरच्याच माणसाने सामना पाहता पाहता सांगून टाकलं.

मामा म्हणजे महरम. त्याच्याशी निकाह हराम, म्हणूनच त्याच्यापासून पडदा नाही. त्याच्या येण्याजाण्यावर कुणी नजर ठेवत नाही. 'मामूजान आले' म्हटलं की पोरीला त्याच्या पुढ्यात बसवतात. बेणारेचं घर आपलं नव्हे, पण हा विश्वास दोन्ही घरांत सारखाच. आणि इथे मला तेंडुलकरांशी भांडावंसं वाटतं. बेणारे आपल्या स्वगतात या संबंधाला प्रेम म्हणते, मामाला पळपुटा म्हणून हिणवते. त्याचा गुन्हा पळून जाण्याचा ठरतो. लेकराच्या अंगाला हात लावण्याचा ठरत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानंतर पाहताना ही जागा टोचते. बेणारे तसं म्हणेल हे पटतं, दुखावलेली पोर असंच म्हणते. पण नाटककार आणि दिग्दर्शक या दोघांनीही तिच्या पलीकडे जाऊन पाहिलं नाही.

कृष्णधवल चित्रीकरण गोविंद निहलानींचं. नाटकात प्रेक्षक कोर्टाच्या बाहेर, अंधारात सुरक्षित असतो. चित्रपटाचा कॅमेरा त्याला त्या घोळक्यात नेऊन बसवतो. काशीकर कान कोरत न्यायदान करतो, सुखात्मे वकिली झाडतो, हे जवळून पाहणं रंगमंचावर पाहण्यापेक्षा जास्त किळसवाणं आहे. मात्र चित्रपट नाटकाच्या पकडीतून पुरता सुटत नाही. नटांच्या आवाजात शेवटच्या रांगेपर्यंत पोचण्याची सवय राहून गेली आहे. सुलभाताईंना तिचा त्रास होत नाही. बेणारेच्या हसण्यात आधीपासूनच एक जादा उंच सूर असतो, तो त्यांनी दोन्ही माध्यमांत पेलला.

ड्यूरेनमाटच्या 'डी पाने' या कथेशी या नाटकाची तुलना होते. तिथेही म्हातारे न्यायाधीश-वकील जेवणाच्या टेबलावर कोर्टाचा खेळ मांडतात, पण आरोपी पुरुष आहे, गाडी बिघडल्याने मुक्कामाला थांबलेला विक्रेता. आपण खुनी ठरलो याचा त्याला अभिमान वाटू लागतो आणि तो गळफास घेतो. बेणारेला अभिमान वाटण्याची सोय नाही. तिच्या पर्समध्ये टिक-ट्वेंटीची बाटली निघते.

निकाल मात्र सगळ्यांत भयंकर. जिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप, तिला शिक्षा म्हणून पोटातलं मूल नष्ट करायला सांगितलं जातं. चित्रपट आला त्याच १९७१ साली गर्भपाताचा कायदा संसदेत मंजूर झाला. आमच्या बीड जिल्ह्यात या शब्दाला आणखी एक वजन आहे. २०११ च्या जनगणनेत इथे सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८०७. इतक्या मुली कुठे गेल्या, त्याचा निकाल घराघरांत लागला, आणि त्या कोर्टांमध्येही सासू-नवरा-दीर सगळे हजर होते. बाईचं म्हणणं कुणी लिहून घेतलं नाही. बेणारेलाही बचावासाठी दहा सेकंद मिळतात. ती बोलते तेव्हा बाकीचे जागच्या जागी थिजलेले असतात. ऐकतो फक्त प्रेक्षक.

खेळ संपतो. मंडळी पुन्हा हसायला लागतात, खरंच मनावर घेतलंस का म्हणून तिला समजावतात आणि प्रयोगाच्या तयारीला लागतात. सामंताने पुतण्यासाठी एक हिरवा कापडी पोपट आणलेला असतो. तो परत येतो, बेणारे पालथी पडलेली पाहतो, घुटमळतो. काही बोलत नाही. पोपट तिच्याजवळ ठेवतो आणि निघून जातो.