हरित गंजरोधकांचे संशोधन आणि तेलवाहिन्यांचे वास्तव : एक चिकित्सा

प्रस्तावना :
मुंबई हाय येथे १९७४ मध्ये खनिज तेल सापडले व १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्यानंतर महाराष्ट्रात पोलादी वाहिन्यांचे जाळे विस्तारत गेले. मुंबईहून मनमाडकडे येणारी व पुढे उत्तरेस जाणारी इंधनवाहिनी खानदेशाच्या निकटची आहे. अशा वाहिन्यांचा सर्वांत चिवट शत्रू म्हणजे गंज. या विषयावर महाविद्यालयीन रसायनशास्त्र विभागांतून विपुल लेखन झाले आहे. त्यातील वनस्पतिजन्य, म्हणजेच हरित गंजरोधकांच्या संशोधनाचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्रेरणा आणि पद्धती :
या संशोधनाची प्रेरणा निःसंशय योग्य आहे. क्रोमेटसारखे जुने गंजरोधक प्रभावी असले तरी षट्‌संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. त्याला पर्याय म्हणून कडुनिंबादी वनस्पतींच्या अर्काकडे वळणे स्वाभाविक होते. परंतु पद्धती लवकरच साचेबद्ध झाली. मृदू पोलादाची लहान पट्टी, एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, काही तासांचे निमज्जन, वजनातील घट, लँगम्यूरचा अधिशोषण समताप आणि शेवटी ‘उत्तम गंजरोधक’ हा निष्कर्ष! वनस्पती बदलली की नवा शोधनिबंध सिद्ध होतो. २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीने पदोन्नती गुणांकांशी जोडली; त्यामुळे या प्रवृत्तीला बळच मिळाले.

आम्लातील चाचणी निरर्थक आहे असे नव्हे. पोलादाच्या आम्लधुलाईत व तेलविहिरींच्या आम्लप्रक्रियेत तिला निश्चित स्थान आहे. मात्र विहिरीतील आम्ल अधिक तीव्र व तापमान बरेच अधिक असते. तेथे अर्क टिकेल काय, हे क्वचितच तपासले जाते. अर्क काढण्यासाठी मिथेनॉल वापरून आणि त्याची विषाक्तता न मोजता ‘हरित’ हे विशेषण लावणे तर शास्त्रीय शिस्तीत बसत नाही.

वाहिनीतील वास्तव :
वाहिनीतून हायड्रोक्लोरिक आम्ल वाहत नाही. तिच्या आत साचलेले पाणी, कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि सल्फेट-अपचयक जीवाणू पोलाद पोखरतात. कार्बन डायऑक्साइडजन्य गंजाचे गणित द वार्ड व मिलिअम्स यांनी १९७५ मध्येच मांडले होते. आंध्र प्रदेशातील नगरम येथे २७ जून २०१४ रोजी गॅसवाहिनीचा स्फोट होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. कोरड्या वायूसाठी असलेल्या वाहिनीतून पाणीमिश्रित वायू गेल्याने ती आतून गंजली होती. तेथे उणीव होती ती वायू कोरडा करण्याची, वाहिनी आतून स्वच्छ ठेवण्याची आणि तिच्यावर देखरेख करण्याची. काचपात्रातील ९० टक्के कार्यक्षमतेचा आकडा या प्रश्नांना स्पर्शही करत नाही.

परिसराचा प्रश्न :
वाहिनी बाहेरून गंजते ती मातीमुळे. साक्री परिसरातील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. अशी माती वाहिनीवरील लेपाला ताण देते. ओल्या चिकणमातीचा विद्युत्‌रोधही कमी असतो. १००० ओहम-सेंटिमीटरपेक्षा कमी रोधकता अतिशय संक्षारक मानली जाते. कॅथोडिक संरक्षणासाठी ताम्र-सल्फेट अग्राच्या तुलनेत उणे ८५० मिलिव्होल्ट हा निकष सर्वमान्य आहे. चार सळयांच्या वेन्नर पद्धतीने रोधकता मोजणे किंवा पांझरा-कान खोऱ्यातील मातीत पोलादी पट्ट्या पुरून तिन्ही ऋतूंत त्यांची झीज नोंदविणे, हे तालुक्याच्या महाविद्यालयाच्या आवाक्यातील काम आहे. रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान व भूगोल या विभागांना ते एकत्र करता येईल. गळती झाल्यास इंधन बेसॉल्टच्या भेगांतून विहिरींपर्यंत पोहोचू शकते. म्हणून हा प्रश्न शेतकऱ्याच्या पिण्याच्या पाण्याचाही आहे.

समारोप :
हरित गंजरोधकांचे संशोधन थांबविण्याचे कारण नाही. त्याने चाचणीचे माध्यम मात्र बदलले पाहिजे. ज्या परिस्थितीत धातू प्रत्यक्ष गंजतो, त्या परिस्थितीत घेतलेली एक वर्षाची साधी नोंद ही आम्लातील सहा तासांच्या दहा निबंधांहून अधिक मोलाची ठरेल. शोधनिबंधाचे परीक्षण करणाऱ्यांनीही ‘कोणती वनस्पती?’ या प्रश्नाआधी ‘कोणत्या परिस्थितीतील गंज?’ हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.