डॉ. बुल्कानिरो कुठे गेले? मियाझावा केन्जी वाचताना

थिसिसच्या शेवटच्या प्रकरणाचं नाव बहुतेक वेळा 'निष्कर्ष' असतं. या प्रकरणात काय लिहायचं याची भीती सगळ्यांना वाटते, पण काय लिहायचं नाही याचा विचार फारसा कुणी करत नाही. आज त्यासाठी मी एका जपानी कवीचं, मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या लेखकाचं उदाहरण घेतेय. दचकू नका, विषय आपलाच आहे. हा माणूस शिक्षणाने मृदाशास्त्रज्ञ होता. त्याने आपल्या सर्वांत गाजलेल्या गोष्टीत निष्कर्ष सांगायला एक शास्त्रज्ञ ठेवला होता आणि चौथ्या खर्ड्यात तो संपूर्ण काढून टाकला. माझं म्हणणं असं, की ती गोष्ट मोठी झाली ती या काढून टाकण्यामुळे. आणि लेखकाच्या मृत्यूनंतर त्याच्या चाहत्यांनी त्याच्याच बाबतीत नेमकं उलट केलं.

आधी माणूस कोण ते पाहू. मियाझावा केन्जी (जपानीत आडनाव आधी येतं) २७ ऑगस्ट १८९६ ला उत्तर जपानमधल्या इवाते प्रांतात, हानामाकी गावी जन्मला. वडिलांचा धंदा गहाणवटीचा आणि जुन्या कपड्यांचा. म्हणजे गिऱ्हाईक बहुतेक अडलेले शेतकरीच. त्या भागात उन्हाळ्यात ईशान्येकडून 'यामासे' नावाचा थंड वारा येतो. तो लांबला की भाताच्या लोंब्यांत दाणा भरत नाही. १९०५ आणि १९१३ साली तिथली पिकं अशीच बुडाली होती. दुसऱ्याच्या दुष्काळावर आपलं घर चालतं, ही बोचणी केन्जीच्या मनातून कधी गेली नाही.

१९१५ मध्ये तो मोरिओकाच्या शेती व वनविद्या महाविद्यालयात दाखल झाला. १९१८ मध्ये पदवी घेतली आणि पुढची दोन वर्षं प्रा. सेकी तोयोतारो यांच्या हाताखाली संशोधक विद्यार्थी म्हणून काढली. काम होतं आपल्याच भागातल्या मातीचं सर्वेक्षण. हातोडी घेऊन डोंगर तुडवायचे, नमुने गोळा करायचे, नकाशे भरायचे. १९२१ च्या अखेरीस तो शेतकी शाळेत शिक्षक झाला. १९२६ मध्ये ती नोकरी सोडून स्वतः शेती करू लागला आणि शेतकऱ्यांना जमिनीप्रमाणे खताचा हिशेब फुकट मांडून देऊ लागला. असे शेकडो हिशेब त्याने लिहिले. १९३१ मध्ये चुनखडी दळणाऱ्या एका कारखान्यात तो तंत्रज्ञ म्हणून लागला. तिथली जमीन आम्लधर्मी, तिला चुनखडीची भुकटी लागते. ती विकायला फिरता फिरताच तो आजारी पडला. २१ सप्टेंबर १९३३ ला, वयाच्या ३७ व्या वर्षी, फुफ्फुसाच्या विकाराने तो गेला. आदल्या संध्याकाळी एक शेतकरी खताबद्दल विचारायला आला होता. केन्जी अंथरुणातून उठला आणि त्याच्याशी बराच वेळ बोलत बसला.

हयातीत त्याची पुस्तकं निघाली दोन, दोन्ही १९२४ मध्ये : 'हारु तो शुरा' हा कवितासंग्रह आणि बालकथांचा एक संग्रह. दोन्हींची विक्री जेमतेम. कवितांना तो कविता म्हणायला कचरे. त्याचा शब्द होता 'मनाची रेखाटनं', आणि प्रत्येक रेखाटनाखाली तारीख. लॅबच्या नोंदवहीसारखी. बाकी सगळं लेखन हस्तलिखितांच्या गठ्ठ्यात राहिलं. त्याच गठ्ठ्यात होती 'गिंगा तेत्सुदो नो योरु', म्हणजे आकाशगंगेतल्या आगगाडीची रात्र. तिच्यावर तो १९२४ च्या सुमारापासून मरेपर्यंत काम करत होता. ती अपुरीच राहिली आणि १९३४ मध्ये छापली गेली.

गोष्ट थोडक्यात सांगते. जोव्हानी हा गरीब मुलगा. आई आजारी, वडील दूर गेलेले, वर्गातली मुलं चिडवणारी. जवळचा म्हणावा असा एकच मित्र, काम्पानेल्ला. सणाच्या रात्री जोव्हानी टेकडीवर एकटा पडलेला असतो आणि अचानक आकाशगंगेच्या काठाने जाणाऱ्या गाडीत बसलेला असतो. समोर काम्पानेल्ला. वाटेत तऱ्हेतऱ्हेचे प्रवासी चढतात, उतरतात. शेवटी काम्पानेल्ला नाहीसा होतो. जोव्हानी टेकडीवर जागा होतो, गावात येतो, तेव्हा कळतं की पाण्यात पडलेल्या एका मुलाला वाचवताना काम्पानेल्ला नदीत बुडाला आहे. तो वाचलेला मुलगा म्हणजे जोव्हानीला चिडवणारा झानेरी.

आता खर्ड्यांकडे या. पहिल्या तीन खर्ड्यांत डॉ. बुल्कानिरो नावाचा एक शास्त्रज्ञ आहे. जोव्हानीने पाहिलं ते सगळं आपल्या प्रयोगाचा भाग होता, दुसऱ्याच्या मनात विचार पोचवण्याचा प्रयोग, असं तो शेवटी उलगडून सांगतो. तिसऱ्या खर्ड्यात तर गाडीतच एक विद्वान भेटतो आणि जोव्हानीला म्हणतो, की खरा विचार आणि खोटा विचार प्रयोगाने वेगळे करता आले, त्या प्रयोगाची पद्धत एकदा ठरली, तर श्रद्धासुद्धा रसायनशास्त्रासारखी होईल. (शब्द माझे, आशय त्याचा.)

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा विचार किती मोहात पाडेल पाहा. केन्जी सद्धर्मपुंडरीक सूत्राचा कट्टर भक्त होता. घराण्याचा पंथ वेगळा, त्यावरून वडिलांशी वाद. एकीकडे सूत्र, दुसरीकडे परीक्षानळी, आणि दोन्ही जोडणारा हा पूल. लेखकाच्या आयुष्याचं सारच ते. आणि तेच त्याने शेवटच्या खर्ड्यातून काढलं. बुल्कानिरो गेले, प्रयोग गेला, रसायनशास्त्राचं ते भाषणही गेलं.

त्यांच्या जागी काय आलं? सुरुवातीला तीन नवी प्रकरणं आली : शाळेचा वर्ग, छापखाना आणि घर. वर्गात गुरुजी विचारतात, आकाशातला तो पांढुरका पट्टा नेमका कशाचा आहे? जोव्हानीला उत्तर माहीत आहे, ताऱ्यांचा. पण शाळेआधी आणि शाळेनंतर काम करून तो इतका थकलाय की उभा राहूनही बोलत नाही. मग गुरुजी काम्पानेल्लाला विचारतात. त्यालाही माहीत आहे, पण मित्राकडे पाहून तोही गप्प राहतो. पुढे जोव्हानी छापखान्यात खिळे वेचतो, मिळालेल्या चांदीच्या नाण्यातून आईसाठी पाव आणि साखर घेतो.

आणि शेवटी, बुल्कानिरोंच्या जागी, नदीकाठी घड्याळ हातात घट्ट धरून उभे असलेले काम्पानेल्लाचे वडील आले. तेही विद्वान, गोष्ट त्यांनाही 'डॉक्टर'च म्हणते. ते एवढंच सांगतात की आता आशा नाही, पडून पंचेचाळीस मिनिटं झाली. जोव्हानी धावत त्यांच्यासमोर जातो. तो कुठे गेला ते मला माहीत आहे, मी त्याच्याबरोबर होतो, असं त्याला सांगायचं असतं. पण घसा दाटतो आणि शब्द फुटत नाही.

या दोन जागा शेजारी ठेवून वाचा. वर्गात उत्तर माहीत असून मुलगा गप्प, नदीकाठीही उत्तर माहीत असून गप्प. मधे अख्खी आकाशगंगा. पहिल्या मौनाचं कारण थकवा आणि गरिबी. दुसऱ्याचं कारण असं, की जे त्याला कळलंय ते त्या बापापुढे पुरावा म्हणून ठेवण्यासारखं नाही. बुल्कानिरो असते तर हे दुसरं मौन उभंच राहिलं नसतं. त्यांनी खुलासा केला असता आणि आपण वाचक सुटकेचा श्वास टाकून पुस्तक मिटलं असतं. खुलासा करणारा डॉक्टर काढून केन्जीने तिथे वेळ मोजणारा डॉक्टर ठेवला. स्पष्टीकरण गेलं, निरीक्षण उरलं. पंचेचाळीस मिनिटं हा आकडा कुठल्याही भाषणापेक्षा जड पडतो.

म्हणजे केन्जीने विज्ञान सोडलं असं समजू नका. याच गोष्टीत आकाशगंगेच्या काठी एक संशोधक हाडं उकरताना भेटतो. हा काठ बारा लाख वर्षांपूर्वी समुद्रकिनारा होता, असं तो सांगतो. अक्रोडांचे जीवाश्म हाती लागलेले असतात. मुलं विचारतात, हे नमुने म्हणून ठेवणार का? तो म्हणतो, छे, सिद्ध करायला हवेत. आपल्याला जो भक्कम थर दिसतो, तो दुसऱ्या कुणाला नुसता वारा, पाणी किंवा मोकळं आकाश दिसत असेल तर? संशोधनात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने हे अर्धं पान वाचावं. केन्जीने असे अक्रोड खरोखर शोधले होते, हानामाकीजवळ कितागामी नदीच्या काठी. तोहोकू विद्यापीठाचे भूशास्त्रज्ञ हायासाका इचिरो यांना त्याने ती जागा दाखवली आणि १९२६ च्या त्यांच्या लेखात त्याचे आभारही आहेत. हा संशोधक शेवटच्या खर्ड्यातही टिकला. पुरावा मागणारा राहिला, अंतिम उत्तर देणारा गेला.

इथे तुम्ही म्हणाल, की मग 'गुस्को बुदोरी'चं काय? १९३२ मध्ये छापलेली ही केन्जीची दुसरी विज्ञानकथा आपल्याकडच्या वाचकांना जास्त आवडेल. थंडीने पीक बुडालेल्या घरातला बुदोरी ज्वालामुखी खात्यात काम करतो. पुन्हा थंड वर्ष येणार असं दिसतं, तेव्हा तो एका ज्वालामुखीचा उद्रेक घडवून हवेत कार्बन डायऑक्साइड सोडतो, पृथ्वी उबदार करतो आणि त्यात स्वतःचा जीव देतो. कार्बन डायऑक्साइडने तापमान वाढतं हे गणित स्वान्ते अऱ्हेनियसने १८९६ मध्ये, म्हणजे केन्जीच्या जन्माच्याच वर्षी मांडलं होतं. ते एका बालकथेत इतक्या लवकर यावं याचं कौतुक व्हायलाच हवं. पण मोठ्या उद्रेकाचा लगेच दिसणारा परिणाम उलटा असतो. गंधकाच्या सूक्ष्म कणांमुळे पृथ्वी थंड होते. १८१५ मध्ये तांबोरा फुटला आणि १८१६ ला युरोपात उन्हाळाच आला नाही.

तरी माझी तक्रार या चुकीबद्दल नाही. तक्रार अशी, की 'बुदोरी'त सगळं सुटतं. एक प्रश्न, एक उपाय, एक बलिदान, आणि पीक हाती. खरा केन्जी वर्षानुवर्षं खताचे हिशेब मांडत होता. हवामान फिरलं की ते कोलमडत, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मांडायला बसे. त्या कामाचा प्रामाणिकपणा 'बुदोरी'त नाही, 'आगगाडी'त आहे. तिथे काम्पानेल्लाचं बलिदान काहीच सोडवत नाही. झानेरी वाचतो, बाप उभा राहतो, जोव्हानीला आईसाठी दूध घेऊन घरी जायचं असतं.

आता वारशाबद्दल. केन्जीच्या मृत्यूनंतर त्याच्या वहीत १९३१ च्या नोव्हेंबरात लिहिलेली एक प्रार्थनावजा कविता सापडली, 'आमे नि मो माकेझु'. छापण्यासाठी लिहिलेली नव्हतीच ती, आजारी माणसाने स्वतःपुरती लिहिलेली होती. आज जपानमध्ये ती बहुतेकांना पाठ असते. युद्धकाळात ती सोसण्याचा धडा म्हणून वापरली गेली. युद्धानंतरच्या पाठ्यपुस्तकात तर तिच्यातला रोजच्या तांदळाचा आकडा चारचा तीन केला गेला, कारण रेशनच्या दिवसांत चार माप जास्त वाटत होती! २०११ च्या त्सुनामीनंतर ती पुन्हा सगळीकडे वाचली गेली, तेव्हा तिने अनेकांना धीर दिला, हेही खरं. पण या एका पानावरून 'संत केन्जी' तयार झाला. स्वतःबद्दल शंका घेणारा, एकेक गोष्ट वर्षानुवर्षं खोडणारा लेखक त्या संताच्या मागे गेला. ज्याने आपल्या गोष्टीतून बुल्कानिरोंना काढलं, त्यालाच लोकांनी बुल्कानिरो करून टाकलं.

त्याला तिथून बाहेर काढलं ते चिकाटीच्या पाठचिकित्सेने. छापील आवृत्त्यांत कित्येक वर्षं वेगवेगळ्या खर्ड्यांचे तुकडे एकत्र मिसळलेले होते, त्यामुळे बुल्कानिरोही होते आणि नदीकाठही होता. इरिसावा यासुओ आणि आमाझावा ताइजिरो या दोन कवी-अभ्यासकांनी मूळ पानं तपासली. कागद कुठला, शाई कुठली, पेन्सिलीची दुरुस्ती कशाच्या वर आहे, यावरून खर्ड्यांचा क्रम लावला. १९७० च्या दशकात चिकुमा शोबो या प्रकाशनाने काढलेल्या समग्र आवृत्तीत तो क्रम स्पष्ट झाला. मी वर जे काही म्हटलंय ते सगळं या दोघांच्या कामावर उभं आहे. साहित्याचं संशोधन म्हणजे नुसती मतं, असं आपल्या विज्ञान शाखेत कुणी म्हणालं की मला ही शाई आठवते.

काही वाचकांना बुल्कानिरो असलेला शेवटच आवडतो, कारण त्यात केन्जीचं तत्त्वज्ञान उघड सांगितलेलं आहे. त्यांचं बरोबर आहे, ते तिथेच उघड आहे. आणि चौथा खर्डा लेखकाने 'अंतिम' म्हणून कुणाच्या हाती दिला नव्हता, हेही विसरू नका. तरी मला वाटतं, स्वतःला सर्वांत प्रिय असलेला निष्कर्ष पुराव्याला पेलत नाही हे ओळखून तो काढणं, हेच केन्जीने केलेलं सर्वांत शास्त्रीय काम.

वाचायला घेणार असाल तर इंग्रजीत रॉजर पल्व्हर्स आणि जॉन बेस्टर यांची भाषांतरं आहेत. कुठलंही भाषांतर हाती आलं तरी आधी शेवट उघडा आणि पाहा, बुल्कानिरो आहेत का. असतील तर तुमच्या हातात जुन्या पाठावरचं पुस्तक आहे. मग दोन्ही शेवट मिळवून एकापाठोपाठ वाचा. आणि त्याच आठवड्यात आपल्या सिनॉप्सिसचा शेवटचा परिच्छेदही काढून बसा.